परदेशातल्या सुवार्ता महोत्सवाला उपदेशकाआधी मैदान सांभाळणारे पाठवा

प्रति,
मा. संपादक,

विषय : परदेशातील मैदानी सुवार्ता महोत्सवांसाठी जाणारी पथके

महोदय,

परदेशात मैदानी सुवार्ता महोत्सव, म्हणजे ख्रिस्ती संदेशाच्या जाहीर सभा, घेण्यासाठी नागपूर-विदर्भातल्या मंडळ्यांमधून (चर्चमधून) पथके जातात. ओढा बहुतेक पूर्व आफ्रिकेकडे असतो : केनिया, युगांडा, टांझानिया, थोडे खाली मलावी. पथक ठरवायला वडीलमंडळ बसले की पहिला प्रश्न निघतो उपदेशक कोण, आणि दुसरा गीतमंडळात कोण. गर्दी, वीज, आवाज, पाणी, परवाने हे सगळे ‘तिथले बंधू बघतील’ या खात्यात जाते. या सेवेत राबलेल्या आम्हा काही जणांचे ठाम मत आहे की हा क्रम उलटा करावा. तिकिटाचे पैसे मोजकेच असतात, ते आधी मैदान सांभाळणाऱ्यांवर खर्च व्हावेत.

केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत सुमारे ८५ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती नोंदवला आहे. पश्चिम केनियातल्या किसुमू किंवा काकामेगात उत्तम संदेश देणारे पाळक पैशाला पासरी आहेत, आणि ते लोकांच्या भाषेत बोलतात. तिथल्या मंडळ्यांना चणचण असते ती रोख पैशाची आणि शेवटच्या आठवड्यात मोकळ्या असलेल्या हातांची. मग काटछाट होते ती नेमकी फाटके, दिवे, पाणी आणि दुसरा जनरेटर यांत. ही काटछाट जिवावर बेतते. १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६३ मधल्या मृत्यूपर्यंतची बहुतेक वर्षे या मुलखात काढली. पाच दिवसांसाठी जाणाऱ्या पाहुण्याने तेवढ्या अधिकाराने बोलू नये, यजमानाचे ओझे उचलावे.

सुरुवात महिना आणि माती पाहून होते. केनियात मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. मलावीत नोव्हेंबर ते एप्रिल. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मात्र कोरड्या महिन्यांतही दुपारनंतर ढग भरून येतात. किसुमूजवळच्या कानो मैदानी पट्ट्यात आपल्या वऱ्हाडासारखीच काळी चिकण माती आहे. अर्ध्या तासाच्या सरीनंतर साउंडचा ट्रक तिच्यात रुततो तो दुसऱ्या दिवशीच निघतो. म्हणून मैदान बघायला जाणाऱ्याने आदल्या पावसात तिथे पाणी कुठे साचले होते हे शेजारच्या टपरीवाल्याला विचारावे. मंच मैदानाच्या पूर्वेला ठेवावा, म्हणजे मावळतीचे ऊन बसलेल्यांच्या पाठीवर येते. ते उपदेशकाच्या डोळ्यांवर येईल, त्याने टोपी घालावी. विषुववृत्ताजवळ बाराही महिने साडेसहा-पावणेसातला सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फारसा रेंगाळत नाही. तीनला सुरू केलेली सभा सव्वासहाला आटोपली तर बायका-मुले उजेडात घरी पोचतात. आपल्याकडच्या रात्री दहाच्या सवयीने तिथले वेळापत्रक आखू नये.

आता गर्दी. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी मोर्चात ११४ जीव गमावलेल्या या शहराला चेंगराचेंगरी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही आमच्या मंडळ्यांमध्ये ‘देवाच्या कामात असे होत नाही’ असे म्हणणारे भेटतात, म्हणून हे लिहितो आहोत. टांझानियात मोशी इथे फेब्रुवारी २०२० मध्ये एका मैदानी प्रार्थनासभेत अभिषेकाच्या तेलावर पाय ठेवायला लोक धावले आणि २० जण मेले. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियात जानेवारी २०२२ मध्ये फुटबॉलच्या मैदानावरची प्रार्थनासभा संपवून रात्री लोक परतत असताना हत्यारे घेतलेल्या टोळक्याच्या भीतीने पळापळ झाली, २९ मेले, त्यांत मुलेही होती. त्याच वर्षी मे महिन्यात नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टला एका मंडळीने मोफत वस्तू वाटायचे जाहीर केले आणि ३१ माणसे गेली. तिन्ही ठिकाणी लोक श्रद्धेने किंवा गरजेपोटी आले होते.

हिशेब साधा आहे. बसलेल्या वा उभ्या माणसाला अर्धा चौरस मीटर धरावा. फुटबॉलचे पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचे, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. मंच, मधल्या वाटा, साउंडचा मांडव, प्रथमोपचाराचा तंबू वजा केला की पाच हजारांच्या आसपास उरतात. म्हणजे दहा हजार माणसे. त्यापुढे आत सोडणे थांबवायचे आणि बाहेर लावलेल्या भोंग्यावर ऐकवायचे. सपाट, उजेडाच्या जागी एक मीटर रुंद फाटकातून मिनिटाला साधारण ८० माणसे बाहेर पडतात. दहा हजारांना दहा मिनिटांत बाहेर काढायचे तर साडेबारा मीटर रुंदी लागते. ती चार फाटकांत वाटावी आणि एखादे अडले तर काय, म्हणून पाचवे ठेवावे. दर शंभर माणसांमागे एक स्वयंसेवक असावा, सगळ्यांची जाकिटे एका रंगाची, आणि प्रत्येक फाटकावर बॅटरीवर चालणारा हातभोंगा.

कागदावरचे फाटक आणि संध्याकाळी सहाचे फाटक यांत मात्र फार अंतर असते. सभा संपायच्या अर्ध्या तासाआधी बोडा-बोडावाले, म्हणजे मोटारसायकलवर भाडे मारणारी पोरे, पहिले गिऱ्हाईक आपल्याला मिळावे म्हणून हँडलला हँडल लावून बरोबर फाटकाच्या तोंडाशी उभी राहतात. त्यांना खेटून मका भाजणाऱ्या बाईची कोळशाची शेगडी, पलीकडे मंदाझीची, म्हणजे तिथल्या तळलेल्या गोड वड्यांची, कढई. चार मीटरच्या फाटकातली दीड मीटर वाट राहते, आणि तिच्या एका कडेला उकळते तेल असते. पोलिसाने हाकलले की ती पोरे दहा मिनिटांनी परत येतात. उपाय एकच चालतो : पन्नास मीटरवर दोरी बांधून त्यांचा थांबा आखायचा, त्यांच्याच संघटनेच्या म्होरक्याला मानधन देऊन थांब्याची जबाबदारी सोपवायची, आणि मंचावरून ‘बोडा तिकडे मिळतील’ असे दोनदा सांगायचे. गिऱ्हाईक तिकडे वळले की पोरेही वळतात.

सर्वांत धोक्याचा क्षण मात्र फाटकावर नसतो, तो मंचासमोर येतो. संदेश संपतो, उपदेशक पुढे येण्याचे आवाहन करतो आणि हजारो माणसे एका दिशेने सरकतात. मागच्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नाही. पुढची मुले, कारण पहिल्या रांगेत नेहमी मुलेच असतात, मंचाच्या पत्र्यावर दाबली जातात. म्हणून मंचापासून पाच मीटरवर पक्का अडसर हवा, बांबू आणि सुतळीचा नव्हे. मैदानात उभ्या-आडव्या मोकळ्या वाटा हव्यात आणि समुपदेशनाची जागा मंचासमोर न ठेवता एका बाजूला हवी. खरे तर ‘जागेवरच बसा, हात वर करा, स्वयंसेवक तुमच्यापाशी येतील’ असे आवाहन केले तरी कोणाच्या विश्वासात काही उणे पडत नाही. छायाचित्र तेवढे भव्य येत नाही, एवढेच. तेल, रुमाल, खाऊ, पुस्तिका, काहीही मंचावरून वाटू नये, फेकू तर मुळीच नये. वस्तू वाटल्याने आमिषाचा आरोप येतो तो वेगळाच, आणि तो अनाठायीही नसतो.

मंच दीड मीटर उंच, आठ बाय सहा मीटर पुरतो. स्थानिक प्रथेप्रमाणे सगळ्या सहभागी मंडळ्यांचे पाळक मंचावर बसतात, चाळीस खुर्च्या लागतात, म्हणजे माणसांचेच तीन टन होतात. जॅक आणि फळ्यांचा मंच तेवढे वजन स्थिर असताना पेलतो, पण गाण्यावर सगळे एका तालात उड्या मारू लागले की सांधे सुटतात. पाळकांना बाजूच्या मांडवात बसवावे आणि हे यजमान अध्यक्षांनीच सांगावे, पाहुण्यांनी नव्हे. मागचा फलक हा दुसरा सापळा आहे. सहा बाय तीन मीटरचा फ्लेक्स ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि त्यावर सुमारे ३०० किलोचा जोर येतो. वावटळ येते तेव्हा तो चौकटीसकट पुढे, बसलेल्यांवर पडतो. जाळीचे कापड वापरावे, आणि चौकट मंचाला न बांधता जमिनीत स्वतंत्र ताण देऊन उभी करावी.

आवाजाबाबत आपल्याकडचा समज असा की भोंगे वाढवले की लांब ऐकू जाते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मागच्याला ऐकू जावे म्हणून पुढचे स्पीकर वाढवत नेले तर पहिल्या रांगेतल्या पोरांचे कान जातात. स्पीकर चार मीटर उंच चढवून खाली झुकवावेत, आणि साठ मीटरवर दुसरी जोडी लावावी. त्या जोडीला १७५ मिलिसेकंदांचा विलंब द्यावाच लागतो, कारण पुढचा आवाज तिथे पोचायला तेवढा वेळ घेतो. हे विसरले तर मागच्या निम्म्या मैदानाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि दुभाषासह सगळे वाया जाते. २५ केव्हीएचा जनरेटर कागदावर २० किलोवॅट देतो, पण त्यावर १५ च्या वर भार टाकू नये. तासाला पाचेक लिटर डिझेल लागते आणि ते पहिल्या दिवशीच पुरते भरून ठेवावे. दिव्यांना आणि साउंडला वेगवेगळे जनरेटर हवेत. अंधार झाला तरी आवाज चालू असेल तर लोकांना शांत ठेवता येते. दोन्ही एकदम गेले की घबराट आवरत नाही. तिथे दाब २४० व्होल्ट, जवळपास आपल्याइतकाच, पण प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो. नागपुरातून गोल पिनांच्या एक्स्टेन्शन नेल्या तर पहिला दिवस तारा सोलून जोडण्यात जातो, आणि तशा जोडावर पाऊस पडला की शॉक बसतो.

दुभाषाकडे आपली पथके सर्वांत कमी लक्ष देतात. वीस मिनिटांचा संदेश दुभाषासह चाळीसचा होतो. मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणारा उपदेशक आणि तिथून स्वाहिली, लुओ किंवा चिचेवा, एवढ्या उताऱ्यांत लांब वाक्य हमखास बुडते. वाक्य दहा-बारा शब्दांच्या आत ठेवावे. शास्त्रवचनांची यादी आणि दाखले आदल्या दिवशी दुभाषाबरोबर बसून वाचावेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगाची ओळ इथे नागपूरच्या सदर भागातल्या मंडळीला गहिवर आणते, तिथे तिच्यासाठी चार मिनिटे खुलासा करावा लागतो. दुभाषाला वेगळा माइक आणि समोर त्याचा स्वतःचा मॉनिटर (मंचावरचा आवाज त्याला ऐकवणारा स्पीकर) हवा, आणि पाऊण तासाने बदली माणूस. खालच्या सुरात एखादा बदल त्याने सुचवला तर तो ऐकावा. कोणता शब्द शेजारच्या वस्तीला बोचेल हे त्याला कळते, आपल्याला नाही.

पाणी माणशी निदान अर्धा लिटर. २०२२-२३ मध्ये मलावीत पटकीच्या साथीने १,७०० हून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून तरी मैदानातल्या टाकीकडे कोणी दुर्लक्ष करू नये. पाच हजार लिटरच्या टाकीत स्वच्छ पाण्याला साधारण ३० ग्रॅम चांगले ब्लीचिंग पावडर लागते. ते बादलीत कालवून, निवळ तेवढी ओतून, अर्धा तास थांबावे आणि मग क्लोरीन तपासून नळ उघडावा. उघडी पडून राहिलेली पावडर निकामी झालेली असते, म्हणून वास येतो यावर भागवू नये. शौचालय शंभर बायकांमागे एक तरी हवे, आणि तिथे दिवा हवा. पथकातल्या प्रत्येकाने केनिया-युगांडासाठी पीतज्वराची लस अधिकृत केंद्रात निदान दहा दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्राविना परतल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, काहींच्या बाबतीत चार आठवडे. घरी आलो म्हणून त्या सोडणारेच तापाने पडतात. त्यांना इथल्या दवाखान्यात आफ्रिकेचा प्रवास सांगायचे सुचत नाही.

आकाशातून पडणाऱ्या विजेबद्दल विदर्भाला वेगळे सांगायला नको. व्हिक्टोरिया सरोवराभोवतीचा भाग जगातल्या सर्वाधिक वीज कोसळणाऱ्या प्रदेशांत मोडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये युगांडातल्या पालाबेक निर्वासित वसाहतीत प्रार्थनेला जमलेल्यांवर वीज पडून १४ जण मेले. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर सभा थांबवायची, लोकांना पक्क्या इमारतींकडे पाठवायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत बोलवायचे नाही. हा निर्णय घेणारा माणूस मंचावर नसावा, मैदानात असावा, आणि त्याने हात केला की उपदेशकाने वाक्यही पुरे करू नये. पाहुण्या उपदेशकाकडून हे सभेच्या आदल्या दिवशी सर्वांसमक्ष कबूल करून घ्यावे.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना हा या सभांचा मोठा भाग असतो आणि आम्ही स्वतः तीत विश्वासाने सहभागी होतो. म्हणूनच सांगतो : मंचावरून रोज, स्थानिक भाषेत, ‘डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नका’ हे सांगितलेच पाहिजे. एचआयव्हीची किंवा क्षयाची औषधे ‘मी बरा झालो’ म्हणून सोडणारी माणसे तिथल्या दवाखान्यांना ठाऊक आहेत. औषध मध्येच सोडले की विषाणू किंवा जंतू त्याला दाद देईनासा होऊ शकतो आणि घरातल्यांनाही धोका पोचतो. बरे झाल्याची साक्ष तपासणीच्या कागदाशिवाय माइकवर देऊ नये.

परवान्यांत घाई नडते. केनियात जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी आगाऊ इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी लागते. प्रवासाचे कारण खरे लिहावे, आणि त्या कारणाला आणखी कोणता पास लागतो हे यजमान मंडळीकडून लेखी मागवावे. आपल्याकडेही पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला धर्मप्रचाराची भाषणे देता येत नाहीत. आपण दुसऱ्याच्या देशात तोच नियम मोडू नये. ध्वनीची परवानगी वेगळी असते. नेपाळ जवळ आणि स्वस्त म्हणून तिकडे मैदानी सभेचा विचार करणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे की तिथल्या २०१५ च्या राज्यघटनेच्या कलम २६ ने धर्मांतर करवण्यास मनाई केली आहे. २०१७ च्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. पथक विमानाने परत येईल, खटला मात्र तिथल्या पाळकावर चालेल. शेजारधर्मही पाळावा. ऑक्टोबर १९९१ मध्ये नायजेरियातल्या कानो शहरात जर्मन सुवार्तिक राइनहार्ड बोन्के यांच्या नियोजित सभेवरून दंगल पेटली, माणसे मारली गेली, आणि बोन्के यांना पुढे अनेक वर्षे त्या देशात सभा घेता आल्या नाहीत. फलक लावण्याआधी मशिदीच्या इमामांना आणि वस्तीच्या प्रमुखांना भेटावे, अजानच्या वेळी साउंड बंद ठेवावा, आणि दुसऱ्याच्या धर्माबद्दल मंचावरून एक शब्द काढू नये.

राहता राहिली निर्णयपत्रके. पुढे आलेल्यांची नावे-पत्ते लिहून घेतात ती. तीन संध्याकाळी तीच मुले तीन पत्रके भरतात. मोठ्यांतले बरेच जण आधीच कुठल्या ना कुठल्या मंडळीचे सभासद असतात. त्यामुळे पत्रकांची बेरीज म्हणजे नवे विश्वासणारे नव्हेत, आणि ती बेरीज आपल्या मंडळीत टाळ्यांसाठी वाचून दाखवणे हे सत्याला धरून नाही. पत्रकावर ‘सध्या कोणत्या मंडळीत जाता’ हा रकाना हवा. मंडळ्यांमध्ये पत्रकांचे वाटप वस्तीप्रमाणे व्हावे, पाळकाच्या वजनाप्रमाणे नव्हे, आणि ते नियम महोत्सवाआधी सर्व मंडळ्यांच्या सह्यांनी ठरावेत. नाहीतर शेवटच्या रात्री पत्रकांच्या पेटीवरूनच भांडण लागते. अठ्ठेचाळीस तासांत कोणीतरी दारात जाऊन आले नाही तर माणूस परत भेटत नाही. ही माहिती तिथेच राहावी. केनियात २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि मुलांची छायाचित्रे देणगीच्या पत्रकावर छापायला आपल्याला कोणी अधिकार दिलेला नाही.

पैशांचे एकच सांगतो. धर्मादाय न्यासाचा निधी परदेशी खर्च करायचा तर आयकर सवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मान्यता लागते, म्हणून सनदी लेखापालाला तिकिटे काढण्याआधी विचारावे, नंतर नव्हे. आणि अंदाजपत्रकाचा एक चतुर्थांश भाग महोत्सवानंतरच्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवावा : घरभेटींचे बोडाभाडे, शास्त्राच्या प्रती, नव्यांना शिकवणाऱ्यांचे मानधन. ही रक्कम टप्प्याटप्प्याने, यजमान समितीच्या दोन सह्यांनी सुटावी.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात झाली, वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी एकत्र बसून. पथक पाठवण्याआधी शहरातल्या मंडळ्यांनी तसेच एकत्र बसावे आणि तीन प्रशिक्षित माणसांचा एक गट उभा करावा : एक गर्दी आणि मंच पाहणारा, एक वीज आणि ध्वनी, एक पाणी आणि आरोग्य. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंच्या रांगा, पाणी आणि हरवलेली मुले सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांकडून त्यांना पुष्कळ शिकता येईल. गटातल्या तिघांनी परवानगी घेऊन दोन दिवस या स्वयंसेवकांच्या हाताखाली काम करावे. हा गट तयार झाला की तो कोणत्याही मंडळीच्या पथकाबरोबर जाऊ शकेल, आणि पथकात सहाच जागा असतील तर पहिल्या तीन त्याच्या असाव्यात.

आपले विश्वासू,
परदेशी सुवार्तासेवेत काम केलेले काही कार्यकर्ते,
सदर, नागपूर